लेकीने शिडाची बोट बुक केलीय आणि मला पोहता येत नाही

पत्र थोडक्यात: सिंहगड रोडला राहणाऱ्या ४९ वर्षांच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. येत्या जानेवारीत त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. मुंबईत नोकरी करणाऱ्या लेकीने त्यानिमित्त एका रविवारी गेटवे ते मांडवा आणि परत अशी शिडाच्या बोटीची ट्रिप ठरवलीय. माणसं नऊ, त्यात ७३ वर्षांच्या सासूबाई आणि आठ वर्षांचा पुतण्या. लेक वर्षभर वीकेंडला सेलिंग शिकतेय, 'बोट मीच चालवणार' म्हणतेय. सकाळच्या डेक्कन क्वीनने जायचं, संध्याकाळच्या डेक्कन क्वीनने परत. ताईंना पोहता येत नाही, ताम्हिणी घाटातही उलट्या होतात, आणि डिसेंबर २०२४ मध्ये एलिफंटाला चाललेल्या बोटीला अपघात झाला त्याचे व्हिडिओ पाहिल्यापासून त्या धसका घेऊन बसल्यात. नवरा म्हणतो, 'काही होत नाही गं.' जाऊ म्हणते, 'भीती वाटत असेल तर घरी राहा ना.' त्या विचारतायत: 'दोन महिन्यांत पोहायला शिकू, की काहीतरी कारण काढून घरी राहू? माझ्यामुळे सगळ्यांचा मूड जायला नको.'

---

ताई, तुमचं पत्र तीनदा वाचलं. पोहण्याचं वाचून मला काही वाटलं नाही, उलट्यांचं वाचून आपलेपणा वाटला (मी वरंधा घाटात दोनदा गाडी थांबवायला लावलीय), पण तिसऱ्यांदा वाचताना मी डेक्कन क्वीनपाशी अडकले. तुम्ही ते अगदी जाता जाता लिहिलंय, आणि मला खरी भीती तिथेच वाटली.

जरा हिशोब करू या. पुण्याहून ७:१५ ला गाडी, सीएसएमटीला १०:२५, टॅक्सी करून गेटवेला पोचून बोटीत बसेपर्यंत साडेअकरा वाजणार. परतीची गाडी ५:१०. म्हणजे हातात फार तर पाच तास. गेटवे ते मांडवा सरळ रेषेत साडेसात नॉटिकल मैलांच्या आसपास, म्हणजे चौदा किलोमीटर. शिडाची बोट चांगला वारा असेल तर चार-पाच नॉटने जाते, तासाला आठ-नऊ किलोमीटर, म्हणजे आपल्याकडे लक्ष्मी रोडला गणपतीच्या आदल्या दिवशी रिक्षा जाते तशी. जायला दीड-दोन तास झाले. आता परत येताना गंमत बघा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना, ते आठवा. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, तो दहा-अकरापर्यंत मरतो, मग मध्ये तासभर समुद्र अगदी तेलासारखा, आणि दुपारी खारा वारा सुरू होतो तो मुंबईत साधारण वायव्येकडून. तुमची बोट निघणार नेमकी वारा नसताना. आणि मांडव्याहून गेटवे आहे उत्तर-वायव्येला, म्हणजे परतताना वारा थेट तोंडावर. शिडाची कुठलीच बोट वाऱ्याच्या तोंडात सरळ जात नाही, तिला नागमोडी जावं लागतं, एकदा डावीकडे तिरकं एकदा उजवीकडे, त्यामुळे अंतर दीडपट होतं, बोट कलते, पाणी उडतं. अडीच तास, कदाचित तीन. मांडव्याला उतरून चहा पण न पिता ही बेरीज पाच तासांवर जाते, आणि तीही वारा मर्जीत असेल तर!

म्हणून ताई, तुम्ही 'मला पोहता येत नाही' हा प्रश्न समजताय, मला वाटतं की प्रश्न 'आम्हाला ५:१० ची गाडी पकडायचीय' हा आहे. समुद्रावर बऱ्याच चुका घाईतून होतात. वारा वाढलाय, शीड लहान करायला हवंय, पण गाडी चुकेल म्हणून तसंच रेटलं. सासूबाईंना उतरवताना लाट जाईपर्यंत थांबायला हवं होतं, पण टॅक्सी उभी आहे. असं.

माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी कोकणात एका ओळखीच्या ओळखीच्या माणसाच्या शिडाच्या बोटीतून आम्ही सहा जण निघालो, फेब्रुवारी महिना, चारला निघून सहाला परत असं ठरलेलं. पावणेसहाला वारा पडला. म्हणजे कमी नाही झाला, पडला. शीड ओल्या चादरीसारखं लोंबायला लागलं. इंजिन होतं, ते दोनदा खोकलं आणि गप्प, कारण टाकीत पेट्रोल किती आहे हे निघताना कुणी बघितलंच नव्हतं. सहा जणांत एक बाटली पाणी, चकल्यांचं अर्धं पाकीट, दोन फोन बंद पडलेले, आणि अंधार झाल्यावर जी हुडहुडी भरली ती मला कोकणात कधी भरेल असं वाटलं नव्हतं. किनाऱ्यावरचे दिवे स्पष्ट दिसत होते, तीच जास्त चीड. सव्वाआठला एका मच्छीमार बोटीने दोर टाकून ओढून आणलं. त्यांचा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, मला एवढंच म्हणाला, 'काकी, टॉर्च तरी ठेवायची ना.' सहा जणांपैकी चौघांना उत्तम पोहता येत होतं हो. त्याचा काय उपयोग झाला?

आता तुमच्या पोहण्याकडे येते. शिका, जरूर शिका, टिळक टँकवर साठीच्या बायका शिकताना मी पाहिल्यात. पण दोन महिन्यांत टाकीत एक लांबी मारता आली म्हणून समुद्रात कपड्यांसकट पडल्यावर पोहता येतं असं नाही, आणि अर्धवट येणाऱ्याला उलट जास्त धीर येतो, मग तो जॅकेट काढून फोटो काढत बसतो. समुद्रात तुम्हाला तरंगत ठेवायचं काम लाइफ जॅकेटचं. ज्या अपघाताचं तुम्ही लिहिलंय, नौदलाची स्पीडबोट इंजिनाची चाचणी चालू असताना 'नीलकमल' फेरीवर आदळली, त्यात कित्येक प्रवाशांच्या अंगात जॅकेट नव्हतं, आणि त्यानंतर तिथे फेरीबोटींमध्ये जॅकेट सक्तीचं झालं. त्या बातमीने तुम्ही घाबरलात ते बरोबरच आहे, पण त्यातून 'समुद्रावर जाऊ नये' एवढंच घेतलंत तर अर्धीच गोष्ट घेतलीत.

तर हे दोन महिने असे वापरा. एक चांगलं जॅकेट मागवा किंवा कुणाचं आणा. त्यावर न्यूटनमध्ये आकडा असतो, जॅकेट किती जोराने तरंगत ठेवतं त्याचा. ५० लिहिलेलं असेल तर ते पोहता येणाऱ्यांसाठी, वॉटर स्पोर्ट्सवाले घालतात ते आटोपशीर. तुम्हाला १०० किंवा १५० चं हवं, मानेमागे कॉलर असलेलं, ते तोंड पाण्याबाहेर ठेवतं. ते घालून, सगळे पट्टे आवळून, मिस्टरांना म्हणा खांद्याला धरून वर ओढा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ढिलं आहे. मग ते घेऊन तुमच्या जवळच्या टँकवर जा, कोचला आधी सांगा, आणि खोल बाजूला, कोच शेजारी असताना, काठ सोडा. फक्त सोडा. पहिले चार-पाच सेकंद घशाशी येतं सगळं. मग कळतं की आपण बुडत नाहीयोत. पाठीवर रेला, गुडघे पोटाशी घ्या, श्वास सावकाश. तीन-चार रविवार हे करा. लेक्चर ऐकून भीती जात नाही ताई, ही अंगालाच पटावी लागते, आणि समुद्राचं खारं पाणी टाकीपेक्षा थोडं जास्तच उचलून धरतं.

दुसरी भीती तुम्ही लिहिली नाहीये पण ती बोटीत बसल्यावर पंधराव्या मिनिटाला येणार, म्हणून आधीच सांगते. बोट कलेल. नुसती हलणार नाही, एका बाजूला चांगली झुकेल, आणि तुम्हाला वाटेल झालं, उलटली. लहानपणी ती जड बुडाची बाहुली असायची ना, टपली मारली की आडवी होते आणि परत उभी राहते, तसं आहे ते. मोठ्या शिडाच्या बोटीच्या पोटाखाली वजनदार कणा असतो, कील म्हणतात, बोटीच्या वजनाचा मोठा हिस्सा त्यात, बोट जितकी कलते तितका तो तिला परत ओढतो. छोट्या डिंगी बोटींना असं वजन नसतं, त्या उलटतात, त्यात शिकणारी पोरं दिवसात चारदा पाण्यात पडतात आणि हसतात. तुम्ही डिंगीत बसणार नाही आहात, पण फोनवर एकदा विचारून खात्री करा. (आणि कधी कुठली बोट उलटलीच तर नियम एकच: बोट सोडून किनाऱ्याकडे पोहत सुटायचं नाही, बोटीला धरून राहायचं. तरंगती बोट लांबून दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही.) कलणं अगदीच नको असेल तर निघण्याआधीच स्किपरला, म्हणजे बोटीची जबाबदारी असलेल्या माणसाला, सांगा की आम्हाला वेग नकोय, शीड लहान ठेवा. त्यात कमीपणा नाही, अनुभवी लोक हे सगळ्यात आधी करतात.

आता लेक. इथे जरा नाजूक बोलते. वर्षभर शिकतेय म्हणजे तिला बरंच येत असणार, आणि मला विचाराल तर ट्रिपमधली सगळ्यात छान गोष्ट हीच आहे की लेक सुकाणू धरणार आणि आई-बाप बघणार. पण ती कशावर शिकली? डिंगीवर शिकली असेल तर नऊ माणसांची कीलवाली बोट म्हणजे स्कूटी चालवणाऱ्याच्या हातात टेम्पो ट्रॅव्हलर. आणि त्याहून मोठं म्हणजे, त्या दिवशी ती लेक पण असणार. आजीला चक्कर आली, चुलतभाऊ पुढे पळाला, बाबा म्हणाले 'अगं जरा किनाऱ्याजवळून घे फोटो येतील', आणि तेवढ्यात समोरून फेरी. मुंबई बंदरात मोठी जहाजं, फेऱ्या, मच्छीमार, नौदल सगळे एकाच पाण्यात. नियम सांगतो की इंजिनच्या बोटीने शिडाच्या बोटीला वाट द्यावी, पण अरुंद मार्गातून येणाऱ्या मोठ्या जहाजाला अडवायचं नाही हाही नियमच आहे, आणि ते जहाज मनात आणलं तरी पटकन थांबू शकत नाही. तिथे रोज जाणारा पगारी स्किपर हवाच. लेकीला 'तुझ्यावर विश्वास नाही' असं म्हणू नका, तसं नाहीच आहे. म्हणा, 'तू सुकाणू धर, आणि तुला आमच्याकडे बघून हसता यावं म्हणून एक माणूस जबाबदारीला ठेव.' कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई' एकट्याने जगभर फिरवून आणली, असं करणारे ते पहिले भारतीय, पण त्याआधी ती बोट बांधली जात असल्यापासून कित्येक महिने ते तिच्याबरोबर होते. एकट्याने करायची गोष्ट सुद्धा एकट्याने सुरू होत नाही, हे लेकीला माझ्यातर्फे सांगा, रागावली तर माझ्यावर रागवू दे.

आणि एक घरगुती सूचना. बोटीवर शब्द एकाचाच चालतो. तुमच्याकडे एक दीर आहेत असं दिसतंय, आणि प्रत्येक पुणेरी घरात स्किपरला 'मी काय म्हणतो' करून सांगणारा एक जण असतोच. ते तुमचे दीर असतील असं मी म्हणत नाही. पण जो असेल त्याला आधीच सांगून ठेवा.

नऊ माणसं. हा आकडा मला खटकला. गेटवेला भाड्याने मिळणाऱ्या बऱ्याच शिडाच्या बोटी पाच-सहा जणांना बऱ्या असतात. बोटीची परवानगी किती माणसांची हे थेट विचारा, 'अ‍ॅडजस्ट होईल' असं उत्तर आलं तर फोन ठेवा. दोन बोटी करा, नाहीतर दोन फेऱ्या. पुतण्यासाठी मुलांच्या मापाचं जॅकेट आहे का हे वेगळं विचारा, मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर मूल त्यातून खाली निसटतं, दोन पायांमधून घ्यायचा पट्टा हवा. नसेल तर पुण्यातून घेऊन जा.

सासूबाईंचं सगळे बोटीत काय होईल याचा विचार करतील, पण अवघड असतं ते बोटीत चढणं. बहुतेक वेळा बोट लांब नांगरलेली असते, पायऱ्यांवरून आधी छोट्या होडीत, होडीतून बोटीत. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर हिरवं बुळबुळीत शेवाळ असतं. एक पाय पायरीवर, एक पाय होडीत, आणि होडी हळूच सरकायला लागते, हा जो क्षण आहे ना, त्यात माणसं पडतात. होडी वर उचलली गेली की त्या लाटेवर एका दमात पाऊल टाकायचं, हात मोकळे, पर्स-पिशवी आधीच दुसऱ्याकडे, आणि दोन बोटींच्या मध्ये हात कधीच घालायचा नाही. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत ते तुम्हाला माहीत. मांडी घालून उठता येत असेल तर जमेल. नसेल तर त्यांना विचारा, ठरवून टाकू नका. कदाचित त्याच म्हणतील मी गेटवेसमोर बाकावर बसून शेंगदाणे खाते.

भरती-ओहोटी बघायला अ‍ॅप आहेत, पण किनाऱ्यावरचे लोक एक जुना हिशोब करतात तो मला फार आवडतो. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता साधारण भरती. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. ढोबळ आहे, पण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तुमच्या रविवारची तिथी आजच बघता येईल. अष्टमीच्या जवळ भांगाचं पाणी, म्हणजे चढउतार कमी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा मुंबईत पाणी चार-साडेचार मीटर सुद्धा चढतं-उतरतं. सासूबाई येणार असतील तर भरतीच्या आसपास चढता-उतरता येईल असं बघा.

उलट्यांचं. एव्होमिन, स्टुजेरॉन ही नावं तुम्हाला घाटामुळे माहीत असतीलच, पण डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः सासूबाईंना काचबिंदू असेल किंवा घरातल्या कुणा पुरुषाला प्रोस्टेटचा त्रास असेल तर या गोळ्या सगळ्यांना चालत नाहीत. आणि आधी एका रविवारी घरी घेऊन बघा किती झोप येते, बोटीत प्रथमच घेऊन पेंगत बसण्यापेक्षा. गोळी मळमळायला लागल्यावर नाही, निघायच्या आधी घ्यायची असते. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि सीएसएमटीला उतरून वडापावही नको. घरून दशम्या, मऊ भात, केळं. खिशात आल्याच्या वड्या. बोटीत मधोमध बसा, नजर क्षितिजावर, फोनमध्ये डोकं नको, आणि खालच्या केबिनमध्ये अजिबात उतरू नका, तिथे धडधाकट माणूस पण पाच मिनिटांत हिरवा पडतो. उलटी आलीच तर पिशवीत करा. बाहेर वाकून करताना माणसं पडतात.

एक गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून मी विचारते, बोटीवर टॉयलेट आहे का? लहान बोटींवर नसतं. मग बायका काय करतात, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग दुपारी डोकं दुखतं, मळमळतं, आणि सगळे म्हणतात हिला बोट लागली. ट्रिप दोन-अडीच तासांची ठेवा आणि पाणी प्या.

कपड्यांचं पटकन: जीन्स नको, ओढणी नको, पूर्ण बाह्यांचा सुती किंवा लवकर वाळणारा कुर्ता, हनुवटीखाली दोरी असलेली टोपी, चष्म्याला दोरी, पकड असलेले रबरी तळव्याचे बूट, उतरत्या उन्हात घालायला विंडचीटर. अंगठ्या घरी. फोन पाऊचमध्ये, गळ्यात. टॉर्च! आणि शिडाच्या खाली जो आडवा दांडा असतो, बूम, तो वळताना सपकन एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो, स्किपर ओरडला की आधी डोकं खाली, मग 'काय झालं' विचारायचं. दोर हाताला गुंडाळून धरू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. बिअरचा कॅन कुणी आणला असेल तर तो किनाऱ्यावर आल्यावर.

आता तुमचा मूड-बिडचा मुद्दा. 'माझ्यामुळे सगळ्यांचा मूड जाईल' हे तुम्ही इतकं गृहीत धरलंय की मला वाटतं हे फक्त बोटीपुरतं नसावं, पण ते राहू दे. मला असं दिसतं की या नऊ जणांत धोका कुठे आहे याचा विचार करणाऱ्या तुम्ही एकट्या आहात. मग ट्रिपची तयारी तुमच्याकडेच का नाही? लेकीकडून बोटवाल्यांचा नंबर मागा आणि स्वतः फोन करा. परवाना आहे का, स्किपर कोण, माणसं किती, जॅकेट किती आणि कुठल्या मापाची, इंजिन चालू आहे का आणि त्यात इंधन किती असतं, व्हीएचएफ रेडिओ (बोटीवरून किनाऱ्याशी आणि दुसऱ्या बोटींशी बोलायचा) आहे का, हवा बिघडली तर पैसे परत की तारीख बदलून. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका, ज्याला रद्द करायला जीवावर येतं त्याच्या बोटीत बसू नये. आदल्या दिवशी हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा अंदाज बघा, लाटांची सूचना ते देतात. वारा ८ ते १२ नॉट म्हणजे मजा, २० च्या वर म्हणजे घरच्या मंडळींना घेऊन नको, तेवढ्या वेळात म्युझियम बघा. कोस्ट गार्डचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन नंबर चार तरी फोनमध्ये टाका. रेडिओवर संकटाची हाक १६ नंबरच्या चॅनलवर देतात, तेवढं कुठल्याही दोघांना माहीत असू दे. पुण्यात कुणाला तरी सांगून ठेवा की सात वाजेपर्यंत फोन नाही आला तर तू फोन कर.

आणि बोटीवर तुमचं काम मी ठरवून देते. कुणी पाण्यात पडलंच तर एका माणसाने बाकी सगळं सोडून फक्त त्या माणसाकडे बोट दाखवत राहायचं असतं, नजर क्षणभरही न हलवता, कारण दोन लाटांमध्ये डोकं दिसेनासं होतं आणि बोट वळवेपर्यंत जागा हरवते. हे काम पोहणाऱ्याचं नाही, लक्ष देणाऱ्याचं आहे. बोटीवरची बोट दाखवणारी तुम्ही. निघताना स्किपरला सांगून टाका.

बरेच जण विचारतात, मुंबईला कशाला, पवना नाहीतर मुळशीलाच जाऊ. खडकवासल्याला एनडीएचे कॅडेट सेलिंग शिकतात, ते खरं, पण त्यांच्या मागे रेस्क्यू बोट असते. धरणात डोंगरांमधून वारा झोतांनी येतो, शांत शांत आणि एकदम थप्पड, आणि काठावर गाळ. परवानगी नसलेल्या ठिकाणी, रेस्क्यू बोट नसताना, जॅकेट न देता कुणी 'राउंड' मारून आणतो म्हणाला तर नको. ज्यांना नुसती चव घ्यायचीय त्यांनी राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होडीने जावं, पुण्यातली निम्मी माणसं ते करून आलेली असतात आणि त्यांना आठवतही नाही की आपण शिडाच्या बोटीत बसलो होतो. तुम्ही पण गेला असाल ताई! फक्त जॅकेट मांडीवर न ठेवता अंगात घालून बसा. आणि महिने बघा, नोव्हेंबर ते मार्च उत्तम. जून ते ऑगस्ट शिडाचं नाव काढू नका, मे अखेरीला वादळांचं भान ठेवा, ३ जून २०२० ला निसर्ग अलिबागजवळ धडकून पुण्यापर्यंत झाडं पाडून गेलं ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

मग जायचं की नाही? कारण काढून घरी राहू नका. लेकीला खरं सांगा, 'मला भीती वाटते आणि मला यायचंय', दोन्ही एकाच वाक्यात. टँकमध्ये तीन-चार रविवार झाले आणि तरीही पोटात गोळा येत असेल तर जेटीवर थांबा, सगळ्यांना सांगून थांबा, तोही चांगला पर्याय आहे आणि गेटवेवरून शीड लांबपर्यंत दिसतं. पण मला वाटतं तुम्ही जाल. फक्त मांडवा सोडून द्या. दुपारी अडीचला निघा, खारा वारा नीट लागलेला असेल, बंदरातच दोन-अडीच तास फिरा, ऊन उतरताना परत या, जानेवारीत सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळतो त्याच्या आधी जमिनीवर. रात्री मुंबईतच राहा, पंचविसावा आहे, सोमवारची एक रजा टाका. मांडव्याला जायचंच असेल तर सोमवारी सकाळी फेरीने जाऊन पोहे खाऊन या.

आणि परतीच्या डेक्कन क्वीनची तिकिटं आजच कॅन्सल करा, वेटिंगवर असलेल्या नऊ जणांचं भलं होईल.